आनंदीबाईंचा दुसरा टप्पा

अठरा वर्षं वायरमनचं काम करताना निलेशने ‘जमलं नाही’ हे शब्द कधी तोंडातून काढले नव्हते. खालापूरच्या बाजूच्या डोंगरपायथ्याच्या वाडीतून येऊन त्याने कर्जतमध्ये नाव कमावलं, ते याच हट्टावर. म्हणून भिसेगावात आनंदीबाईंच्या घरी गरम हवेचं यंत्र लागणार हे ऐकून सगळे हसले, तेव्हा तो हसला नाही. शिवाय वाडीच्या शाळेत चौथीपर्यंत त्याला बाईंनीच शिकवलं होतं.

हसण्यासारखं होतंच म्हणा. कर्जतची थंडी ती काय, कपाटातून स्वेटर निघेपर्यंत संपते. पण बाईंना दमा, आणि मुलगा देवव्रत टोरांटोत. इतक्या लांबून आईची काळजी करायची म्हणजे काहीतरी पाठवायलाच हवं. त्याने दोन टप्प्यांचं यंत्र बसवून घेतलं. आधी एसीच उलटा चालून गरम हवा सोडणार, तेवढ्याने भागलं नाही तर मागची कॉइल तापणार. खोलीचा गारवा बघून यंत्राला हुकूम सोडायला भिंतीवर एक हुशार थर्मोस्टॅट, म्हणजे काडेपेटीहून जरा मोठी डबी, तीही तिकडूनच आली.

डबी हुशार होती, पण तिला एकच टप्पा ठाऊक. ती बसवणाऱ्याने दोन्ही वायरी एकाच स्क्रूखाली पिळल्या होत्या, त्यामुळे दोन्ही टप्पे एकदम सुरू होत, फ्यूज उडे आणि घरभर अंधार होई. निलेशला बोलावलं ते तेव्हा. त्याने फोटो पाठवून देवव्रतला चूक दाखवली. दोन टप्पे कळणारी दुसरी डबी आली, निलेशने वायरी वेगळ्या केल्या आणि घर ऊबदार झालं.

मग दुसरी कटकट. कॉइल तापली की ही डबी थेट देवव्रतच्या फोनवर निरोप धाडी, आणि रोज संध्याकाळी साडेसहाला कॉइल तापेच. तिकडे सकाळचे आठ. देवव्रत लगेच आईला फोन करून थंडी वाजते का विचारी, खोकल्याचं विचारी, जेवणाचं विचारी. मग निलेशला फोन करून म्हणे, की बिघाड शोधा.

निलेश एका संध्याकाळी तिथेच स्टूल घेऊन बसला. सव्वासहाला बाईंनी देवापाशी दिवा लावला आणि पुढचं दार सताड उघडलं. दिवेलागणीला लक्ष्मी येते, तेव्हा दार लावून बसायचं नाही, हे निलेशच्या आईलाही पाठ होतं. डिसेंबरचा वारा आत आला, डबीवरचा आकडा घसरला, कॉइल तापली आणि फोन वाजला.

लक्ष्मीला अडवणं काही वायरमनचं काम नव्हे. निलेशने डबीलाच सांगितलं, पाऊण तास थांब, मग दुसरा टप्पा. तेवढ्यात दार लागे आणि पहिल्या टप्प्यावरच खोली सावरे. निरोप बंद झाले. देवव्रतने खूश होऊन अंगठा पाठवला.

आठव्या दिवशी बाईंनी बोलावलं. यंत्र बिघडलंय म्हणाल्या. निलेशने कॉइल पाहिली, वायरी पाहिल्या, डबी दोनदा तपासली.

“बाई, मशीन एकदम चांगली हाय. तुमाला काय तरास व्हतोय?”

बाई घड्याळाकडे बघत होत्या. “साडेसहाला फोन येत नाही रे,” त्या म्हणाल्या. “आता परत फक्त रविवारीच येतो.”

निलेशला फार वाईट वाटलं. स्वतःच्या अकलेचा रागही आला. त्याने डबीतला पाऊण तास पुसून टाकला आणि बाईंच्या समोरच देवव्रतला आवाजी निरोप पाठवला.

“साहेब, तुमचा दुसरा टप्पा परत चालू व्हतोय. लय बगितलं, पण मला काय जमलं नाय.”

आता देवव्रत दुसरा वायरमन शोधणार आणि हे कर्जतभर होणार, हे त्याला कळत होतं. चौथीत असताना खोटं बोलला म्हणून बाईंनी त्याला पट्टीने मारलं होतं. आज त्यांनी फक्त घड्याळ पाहिलं. सव्वासहा झाले होते. त्यांनी दिवा लावला, शाल अंगाभोवती घट्ट गुंडाळून घेतली, पुढचं दार उघडलं, आणि मग दोन्ही खिडक्याही उघडल्या.