सभागृहाचं दार

दोन शाळा एकत्र झाल्या, पण फक्त कागदावर. मधल्या सुट्टीत मुलं मैदानाच्या दोन टोकांना बसत आणि शिक्षक एकमेकांकडे खडूसुद्धा मागत नसत. नव्या मुख्याध्यापिकाबाईंनी ठरवलं, शाळेला एखादी परंपरा हवी.

"सोमवारपासून आपली परंपरा सुरू," त्यांनी जाहीर केलं.

परंपरा म्हणजे सगळ्यांनी मिळून शाळेचं गीत म्हणायचं. ते गणिताच्या सरांनी रचलं होतं. चारही कडवी अगदी समान लांबीची होती. दुसऱ्या सोमवारी ते फक्त बाई आणि सर म्हणत होते.

त्याच सुमारास, रोज सकाळी प्रार्थना होई त्या सभागृहाचं दार ओल धरून फुगलं. शिपाईमामांनी खांदा लावला, पण दार ढिम्म हललं नाही. दोन दांडग्या मुली पुढे झाल्या, एक या शाळेची, एक त्या शाळेची. त्याही दमल्या. मग अख्खा वर्गच भिडला.

"एक, दोन, हैय्या!"

दार उघडलं आणि पुढची रांग आत आडवी झाली. उठायला ज्याने त्याने हाती लागेल त्याचा हात धरला. दुसऱ्या दिवशी पोरं वेळेआधी हजर! महिनाभर रोज हेच चाललं. कोण कुठल्या शाळेचं, हे विचारायचं राहूनच गेलं.

बाईंना मात्र त्या दाराची लाज वाटे. सुट्टीत त्यांनी सुताराकडून रंधा मारून घेतला. शाळा उघडली तेव्हा दार बोटानं उघडलं. मुलं आत गेली आणि दोन बाजूंना बसली.

बाईंनी सुताराला गाठलं. "दादा, दार पुन्हा अडकेल असं करता येईल?"

"का? काम नीट झालं नाही?"

"फार नीट झालंय. तीच तक्रार आहे."

"बिघडवायला माझा हात धजायचा नाही, बाई."

दुसऱ्या सकाळी दार उघडेना. आतून बाईंनी पाठ लावली होती. शेजारी गणिताचे सर.

"बाई, बाहेर दोनशे पोरं आहेत. इथं आपण दोघं."

"गणित नका करू. टेका."

"एक, दोन, हैय्या!"

बाहेरच्या रेट्यानं दार उघडलं आणि दोघंही पालथे पडले. एका चिमुरडीनं बाईंचा चष्मा उचलून दिला. "लागलं का हो, बाई?"

"नाही," बाई साडी झटकत म्हणाल्या. "उद्याही याच वेळी."

आता शिक्षकांच्या पाळ्या लागल्या आहेत. कुणी नवीन रुजू झालं की पहिल्याच सकाळी त्यांना एवढंच सांगतात, "जरा हे दार धरता का?"