तिकडे चढ आहे

मी एक जुना नकाशा आहे, इटलीतल्या सिएना शहराचा. अंगावर पाच ठिकाणी चिकटपट्टी आहे, एका बाजूला तेलाचा डाग आहे, आणि स्वभावाने मी पक्का घाबरट आहे. मित्रांनो, यात माझा काय दोष? ज्याच्या भरवशावर लोक एका दिवसात अख्खं शहर बघायला निघतात, त्याने घाबरायचं नाही तर काय करायचं? पहिली पट्टी कशी लागली ते ओघात येईलच. मला खरं तर पाचवीबद्दल सांगायचं आहे.

माझा जन्म स्टेशनजवळच्या एका लहानशा छापखान्यात झाला. शाई वाळते न वाळते तोच मला कापलं, सोळा घड्या घातल्या आणि चौकातल्या पेपरवाल्याच्या टपरीवर टांगलं. तिथे मी तीन आठवडे वाऱ्यावर फडफडत होतो. रोज वाटायचं, आज पाऊस येणार आणि माझा लगदा होणार. शेवटी ओस्वाल्दाने मला विकत घेतलं. ती तेव्हा बत्तीस वर्षांची होती. नवरा गेल्यावर तिने घराच्या वरच्या तीन खोल्या प्रवाशांना द्यायला नुकती सुरुवात केली होती.

तिच्याकडचे पाहुणे बहुतेक एका दिवसाचे. रात्री यायचे, दुसऱ्या दिवशी शहर बघायचे आणि संध्याकाळच्या बसने पुढच्या गावाला जायचे. सकाळी कॉफी उकळत असताना ओस्वाल्दा मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरायची आणि पहिला प्रश्न विचारायची, "गुडघे कसे आहेत?" दुसरा प्रश्न, "जेवण महत्त्वाचं की चित्रं?" मग लाल पेन्सिलीने माझ्या अंगावर त्या दिवसाची वाट काढायची. आधी मोठं चर्च, कारण तिथे नंतर रांग लागते. मग चौक. दुपारी सगळं बंद, म्हणून तेव्हा जेवण. पाहुणे मला घेऊन निघायचे, आणि संध्याकाळी मला परत दिल्याशिवाय ओस्वाल्दा त्यांची बॅग हातात द्यायची नाही. रात्री ती पावाचा गर घेऊन माझ्यावरची लाल रेघ पुसायची. आमच्याकडचा पाव बिनमिठाचा असतो, त्याने कागद खराब होत नाही.

म्हणजे बघा, रोज सकाळी नवी वाट आणि रोज नवी धाकधूक. एकदा एक नवविवाहित जोडपं मला उलटा धरून फिरत होतं. बस पावणेसहाची, आणि ही दोघं साडेपाचला गावाच्या दुसऱ्या टोकाला आइस्क्रीम खात होती! त्यांना काही नाही, इकडे माझा जीव टांगणीला लागलेला. पहिली चिकटपट्टी त्याच दिवसाची. धावपळीत त्यांनी मला मधोमध फाडलं. बस मात्र मिळाली.

कौतुकही पुष्कळ झालं. एका शाळामास्तरांनी पाहुण्यांच्या वहीत लिहून ठेवलं होतं की या लाल रेघेइतका चांगला वाटाड्या कुठे मिळाला नाही. ओस्वाल्दाने ते पान महिनाभर भिंतीला लावून ठेवलं. मी वरवर काही दाखवलं नाही, पण खूश झालो होतो.

आता माझ्या एका कोपऱ्याबद्दल सांगायला हवं. पूर्वेकडचा, खालचा. माझी बाकीची अंगं बोटं लागून लागून मऊ पडली, पण तो कोपरा पहिल्या दिवसासारखा कडक राहिला. ती घडी कधी उघडलीच जात नव्हती. ओस्वाल्दाची पेन्सिल तिथपर्यंत यायची आणि वळसा घालून निघून जायची.

एखादा चौकस पाहुणा विचारायचा, "इथून सरळ गेलं तर जवळ पडेल ना?"

"तिकडे चढ आहे," ओस्वाल्दा म्हणायची.

सिएनात चढ कुठे नाही? आमच्या स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर पडलं तरी चढ लागतो! पण पाहुण्यांना काय कळणार.

खरी गोष्ट अशी, की ती समोरची पेठ होती. आमच्या शहरात सतरा पेठा. प्रत्येकीचं निशाण वेगळं, चर्च वेगळं, कारंजं वेगळं. मूल झालं की पेठेच्या कारंज्याचं पाणी त्याच्या डोक्यावर घालतात, गळ्यात पेठेचा रुमाल बांधतात, आणि मग ते मरेपर्यंत त्या पेठेचं. घोड्यांच्या शर्यतीच्या दिवसांत नवरा एका पेठेचा आणि बायको दुसरीची असली, तर बायको चार दिवस खुशाल माहेरी जाऊन राहते. कुणाला त्यात वावगं वाटत नाही. आणि प्रत्येक पेठेची एक वैरी पेठ असते. आमची वैरी म्हणजे त्या कोपऱ्यातली. तिचं नाव ओस्वाल्दा घेत नाही, म्हणून मीही घेत नाही. सवय.

ओस्वाल्दाच्या थोरल्या बहिणीने, इल्दाने, त्याच पेठेतल्या मुलाशी लग्न केलं. लग्न तिकडच्या चर्चमध्ये होतं. ओस्वाल्दा गेली नाही. इल्दाला मुलगा झाला, लोरिस, त्याच्या डोक्यावर तिकडच्या कारंज्याचं पाणी घातलं, तेव्हाही मावशी गेली नाही. पुढे इल्दाच्या नवऱ्याला दूरच्या त्रिएस्ते शहरात नोकरी लागली आणि ते कुटुंब तिकडे गेलं ते गेलंच. नाताळला फोन, वाढदिवसाला पत्र. आई वारली तेव्हा अंत्यविधीला इल्दा आली होती, पण चर्चच्या दारातूनच परत गेली.

दिवस बदलले. पाहुण्यांच्या हातात फोन आले आणि तो फोनच त्यांना डावीकडे वळा, उजवीकडे वळा सांगू लागला. मला कोण विचारतो? मी खणात गेलो. कुणीतरी माझ्यावर ऑलिव्ह तेलाची बाटली ठेवली, तोच हा डाग. सात वर्षं मी टेबलक्लॉथांच्या खाली पडून होतो. तिथे मला रोज वाटायचं, उद्या आपल्याला चूल पेटवायला घेणार.

आणि सप्टेंबरातल्या एका सकाळी खण उघडला. ओस्वाल्दाने मला बाहेर काढून टेबलावर पसरलं.

शेजारचा अर्गान्ते कॉफीला आला होता. तो निवृत्त न्हावी, आमच्याच पेठेचा, आणि दुसऱ्याच्या कामात नाक खुपसण्यात पटाईत. ओस्वाल्दा त्याला म्हणाली, "इल्दा येतेय. एका दिवसासाठी. लोरिस गाडीने आणणार आणि पाचला परत निघणार, त्याला दुसऱ्या दिवशी कामावर जायचंय."

"पन्नास वर्षांनी एक दिवस? घसघशीत दिला की!"

"थट्टा करू नकोस. तिची नजर चाललीय. मधलं काही दिसत नाही, कडेकडेचं दिसतं तेवढंच. डॉक्टर म्हणालेत, नाताळपर्यंत तेही जाईल. तिला सिएना शेवटचं बघायचंय."

"काय काय बघायचंय, विचारलंस का?"

"विचारलं. म्हणाली, तू ठरव. तू नेशील तिथे येईन."

हे ऐकून माझ्या घड्या आकसल्या. मित्रांनो, माणूस काही मागत नाही तेव्हाच त्याचं मागणं सगळ्यात मोठं असतं, हे मला इतक्या वर्षांत कळलं होतं. इल्दाला काय बघायचं असेल? माझ्याच अंगावर होतं ते, त्या कडक कोपऱ्यात.

ओस्वाल्दा तीन दिवस बेत आखत होती. मोठ्या चर्चमधली संगमरवरी चित्रांची जमीन वर्षातून थोडेच आठवडे उघडी असते, ती आत्ता उघडी होती, म्हणून आधी ती. मग घरी जेवण, हाताने वळलेली जाड पिची, म्हणजे शेवयांसारखा पास्ता, इल्दाला आवडते म्हणून लसूण जास्त. मग चौक. मग बदामाच्या बिस्किटांचं ते जुनं दुकान. पेन्सिल पुढे पुढे आली. माझ्या कोपऱ्यापाशी आली. मी श्वास रोखून धरला.

पेन्सिलीने वळसा घातला.

शप्पथ सांगतो, तिच्या मनात काळंबेरं नव्हतं. बहिणीवर तिचा जीव होता, म्हणून तर तीन दिवस झोप नव्हती. हातालाच तशी सवय लागली होती. अर्गान्तेने वाकून पाहिलं, घसा खाकरला आणि म्हणाला, "आणि तिचं तिकडचं जुनं घर?"

"तिकडे चढ आहे," ओस्वाल्दा म्हणाली. "तिला झेपायचं नाही."

अर्गान्ते टोपी उचलून घरी गेला. 

तो दिवस उजाडला. ओस्वाल्दाने गळ्यात आपल्या पेठेचा रुमाल बांधला आणि मला पर्समध्ये घातलं. इल्दा गाडीतून उतरली. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. इल्दाला समोरचं बघायला मान तिरकी करावी लागत होती.

"म्हातारी झालीस गं," इल्दा म्हणाली.

"तुला दिसतंय कुठे?"

"कडेने दिसतंय. कडेने तर जास्तच म्हातारी दिसतेस."

दोघी हसल्या आणि मग रडल्या. लोरिस, अठ्ठेचाळीस वर्षांचा धिप्पाड माणूस, गाडीच्या काचा पुसायला लागला.

बेत मात्र सुरुवातीलाच घसरला. चर्चबाहेर तासभर रांग. आत इल्दा मान तिरकी करकरून जमीन बघत होती, त्याने तिला घेरी आली. जेवायला दीड वाजला. मी पर्समध्ये घड्याळाचे ठोके मोजत होतो. दोन. अडीच. जेवण झाल्यावर इल्दाने डुलकी काढली आणि ओस्वाल्दा तिच्या उशाशी हात चोळत बसली, उठवू की नको. तीन. अरे देवा, आता कसं व्हायचं!

साडेतीनला दोघी चौकातल्या बाकावर टेकल्या, लोरिस मागे उभा राहिला. पाचला निघायचं होतं. काय गाळायचं ते ठरवायला ओस्वाल्दाने मला बाहेर काढलं.

"हा अजून आहे?" इल्दा म्हणाली. "पत्रात लिहायचीस ना, नकाशा फाटला, नकाशा चिकटवला. दे बघू."

तिने मला मांडीवर घेतलं. डोळ्यांनी बघितलंच नाही, बोटं फिरवली. चिकटपट्ट्या चाचपल्या, तेलाचा डाग चाचपला. तिची बोटं घडीघडीवरून खाली येऊ लागली, पूर्वेकडे. मी गारठलो. ती घडी तिने उघडली. कागद कर्रकन वाजला.

"इथे नवा लागतोय," ती म्हणाली.

"कुठे?"

"इथे. बाकी सगळा धुवून धुवून विरलेल्या चादरीसारखा झालाय. एवढाच तुकडा दुकानातून आणल्यासारखा आहे. ओस्वाल्दा, हा कधी कुणी उघडलाच नाही?"

ओस्वाल्दाच्या तोंडून निघून गेलं, "तिकडे चढ आहे."

इल्दा हसली, पण तिचा आवाज फुटला. "चढ आहे. मी रोज चढायचे तो, पोटात लोरिस असताना, हातात बाजाराच्या पिशव्या घेऊन. वर पोहोचले की खिडकीतून बघायचे, तू कधी येशील. तू शहरातल्या प्रत्येक परक्याला वाट काढून दिलीस गं. मला वाटलं, आज तरी माझ्या दारापर्यंत रेघ आणशील."

 मित्रांनो, ओस्वाल्दाच्या डोळ्यांतलं एक टिपूस माझ्यावर पडलं, आणि पहिल्यांदाच मला माझ्या शाईची काळजी वाटली नाही.

मग ती उठली. "लोरिस, तुला वीस मिनिटं उशीर होणार."

"होऊ दे की, मावशी."

वाटेत त्या पेठेची वेस लागते, तिथल्या भिंतीवर तिची खूण बसवलेली आहे. तिथे ओस्वाल्दाचे पाय अडले. मला तिने इतकं घट्ट धरलं होतं की मी चुरगळलो. दुसऱ्या हाताने ती गळ्यातला रुमाल सोडायला लागली.

"राहू दे," इल्दा म्हणाली. "मला तू हवीस. रुमालासकट चालशील."

चढावर एका दाराशी एक म्हातारा खुर्ची टाकून बसला होता. त्याने रुमाल पाहिला आणि भुवया उंचावल्या. "काय बाई, वाट चुकलात?"

"नाही," ओस्वाल्दा धापा टाकत म्हणाली. "उशीर झालाय."

म्हातारा उठला आणि त्याने आपली खुर्ची कारंज्यापाशी नेऊन ठेवली, इल्दाला बसायला.

लहानसंच कारंजं आहे ते. इल्दाने मान तिरकी केली आणि खूप वेळ कडेच्या नजरेने बघत राहिली. आधी पाणी, मग वरची, आपल्या जुन्या घराची हिरवी खिडकी, मग शेजारी उभी असलेली बहीण. लोरिसने ओंजळ भरून तोंड धुतलं. ओस्वाल्दाने हात बुडवला, ओला हात त्याच्या टकलावर ठेवला आणि म्हणाली, "मी तेव्हा यायला हवं होतं. चुकलं माझं." एवढा थोराड माणूस, लहान मुलासारखा मान खाली घालून उभा राहिला.

मग तिने मला कारंज्याच्या काठावर पसरलं आणि पर्समधून लाल पेन्सिल काढली. काठ ओला, कागद ओला, रेघ वेडीवाकडी आली. पण आली.

नाताळात इल्दाची नजर गेली. आता ती दर रविवारी फोन करते आणि म्हणते, "चल, फिरवून आण." ओस्वाल्दा मला टेबलावर पसरते आणि रेघेवरून बोट फिरवत सांगते, आता चर्च, आता चौक, आता चढ लागला, दम खा, आता हिरवी खिडकी आली. फोनमधून इल्दा विचारते, "उघडी आहे का?" ओस्वाल्दा म्हणते, "उघडी आहे." ती रेघ तिने पावाने अजून पुसलेली नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा एखादा नकाशा असेल तर त्याच्यावर बाटल्या ठेवू नका, त्याला पावसात भिजवू नका. आणि उघडाल तेव्हा सगळा उघडा. एखादी घडी कडक लागली, तर ती का उघडली नाही ते घरातल्या मोठ्या माणसांना विचारा, आणि दिवस हातात असतानाच विचारा. माझ्या ओस्वाल्दाच्या हातात शेवटी दीड तास उरला होता.

गेल्या रविवारी माझा तो कोपरा घडीवर फाटला. बोट फिरून फिरून विरला होता. ओस्वाल्दाने पाचवी चिकटपट्टी लावली. आधीच्या प्रत्येक पट्टीला मी भीतीने अर्धमेला झालो होतो. या वेळी मात्र मी अगदी निवांत पडून राहिलो.