जगबुडीतून वाचलेली अन्नपूर्णा

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. अर्जुनी मोरगावजवळच्या एका गावात अन्नपूर्णाने दोन पांढऱ्या चादरी जोडून मला शिवलं. तिचा नवरा केवळराम गावोगावी सिनेमे दाखवायचा.

लोकांना जगबुडीचे सिनेमे फार आवडत. माझ्यावर कितीदा तरी पूर आले, साथी आल्या, शहरं कोसळली. शेवटी बंदूकवाले, मोटारवाले चारपाच तरणेबांड तेवढे वाचायचे. समोर सतरंजीवर मात्र म्हातारे, लेकुरवाळ्या, मजूर बसलेले असायचे.

एकदा अन्नपूर्णाने विचारलं, "अवो, दर वेळी जग बुडते, अन् आपल्यातलं कोणीच काऊन नाही वाचत?"

"आपल्याले तिकीट नसन भेटलं," केवळराम हसला. ती हसली नाही.

पुढे घरोघरी फोन आले. माझ्यावर सिनेमाऐवजी धान वाळू लागलं. मग शेजारच्या रचनाने फोनवरच सिनेमा काढायचं ठरवलं. जग संपलं आहे, आपल्या गावात थोडे लोक उरले आहेत, आणि ते शेवटचं बियाणं जगवतात, अशी गोष्ट. उरलेले म्हणजे गावातली तरणी पोरं, विक्की, संघदीप आणि त्यांचे दोस्त.

धानाच्या रोवणीच्या दिवसांत सावलीसाठी मला बांधावर ताणलं होतं. विक्की चिखलात उतरला आणि रोपं लावत पुढे पुढे चालू लागला. बांधावरच्या बाया खो खो हसल्या.

"अबे, मागं सरक! लावलेलं सारं तुडवून राहिला ना!" त्यांतली शकुंतलाबाई ओरडली.

"काकू, सिनेमात चालते."

"सिनेमात पायाखाली धान उगवते का रे?" अन्नपूर्णा म्हणाली.

रचनाने फोन खाली केला. "काकू, तुम्ही जरा शिकवा ना याले."

"शिकवाले नाही येत मी. वाचलेल्यांत घेशीन तर उतरते."

"पण गोष्टीत सारे तरुण आहेत."

"मंग खातीन काय ते? बंदुकीच्या गोळ्या?"

रचनाला ते पटलं. मग तिने गोष्ट बदलली. अन्नपूर्णा वाचली. लंगडणारी शकुंतलाबाई वाचली. फक्त पोवारी बोली बोलणारा मुन्नालालही वाचला. अन्नपूर्णा त्या दिवशी घरी गाणं म्हणत आली.

दिवाळीआधी ती तापाने गेली.

सिनेमा तयार झाला, पण केवळरामने मला पेटीत टाकलं. "नाही दाखवाचं. मले पाहवत नाही," एवढंच तो म्हणाला. दोन महिने मी अंधारात होतो. उंदराने माझा एक कोपरा खाल्ला.

मग एक दिवस शकुंतलाबाई आली. "भाऊ, तिनं एवढंच मागतलं होतं, का वाचलेल्यांत आपण दिसावं. तुम्ही तिले पेटीत ठेवून राहिले."

केवळरामने पेटी उघडली. संध्याकाळी त्याने मला चौकात बांधलं आणि रचनाने समोर प्रोजेक्टर लावला.

माझ्यावर अन्नपूर्णा आली. घोटाभर पाण्यात मागे मागे सरकत होती आणि तिच्यासमोर हिरव्या ओळी उभ्या राहत होत्या. "पाहा, आपली अन्नपूर्णा!" बाया ओरडल्या. केवळराम इतका वेळ माझ्यामागे उभा होता. तो पुढे आला आणि सतरंजीवर लोकांत बसला.

"रचना," तो म्हणाला, "तेवढं पुन्हा लाव."

मित्रांनो, जुना पडदा उंदरांना देऊ नका. आणि जगबुडीची गोष्ट लिहाल, तेव्हा वाचणाऱ्यांची यादी करण्याआधी एकदा आपल्या गल्लीतून चालून या.