वर दिपेश, खाली बाकीचे

मैथिली दोन वर्षं मुलींच्या तळहातांवर उभी राहायची. जमिनीपासून आठ फुटांवर, एका पायावर, सगळे दात दाखवत. कधी पडली नाही. पडली ती स्वतःच्या स्वयंपाकघरात, लोणच्याची बरणी काढायला स्टुलावर चढली तेव्हा. बरणी वाचली, मनगट मोडलं. ठाण्यातली स्पर्धा सहा आठवड्यांवर आलेली आणि डोंबिवलीच्या तिच्या चीअरलीडिंग टीमकडे वर चढवायला माणूसच उरलं नाही.

चीअरलीडिंगमध्ये जो वर जातो तो फ्लायर आणि जो खालून उचलतो तो बेस. कृतिका भोईर बेस होती. वजन अडुसष्ट किलो, घर आंबिवलीच्या पुढच्या गावात, आणि खांदे असे की शेअर रिक्षात ती बसली की रिक्षावाला चौथा पॅसेंजर घेण्याआधी विचार करायचा. मैथिलीचा उजवा पाय दोन वर्षं तिच्याच हातांत होता. त्या पायाला घाम कधी येतो, तो कधी थरथरतो, हे तिला मैथिलीच्या आईपेक्षा जास्त ठाऊक होतं.

नॉर्मन सरांनी हॉलमध्ये वजनकाटा आणला. सर ठाण्याचे, जुन्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरातले, उभं आयुष्य शाळेत जिम्नॅस्टिक्स शिकवण्यात गेलेलं. त्यांनी सगळ्यांना एकेक करून काट्यावर उभं केलं. सगळ्यात हलका निघाला दिपेश. दिवा स्टेशनाजवळून येणारा, एकोणीस वर्षांचा, सत्तेचाळीस किलो, तेही बूट घालून.

"दिपेश, वर," सर म्हणाले.

मग नयन पुढे आला. नयन जिमला जायचा आणि हे सगळ्यांना कळावं म्हणून हिवाळ्यातही बिनबाह्यांचा टीशर्ट घालायचा. "सर, मी नाही उचलणार. मुलगा मुलाला उचलतो का कधी? बरं दिसत नाही ते."

"दहीहंडीला काय करतो तू?"

"ते वेगळं, सर. ते धार्मिक आहे."

"मग बालकृष्ण म्हणून उचल," सर म्हणाले. नयन तरी हलेना. बाकीची दोन मुलंही अचानक बुटांच्या नाड्या बांधायला बसली.

शेवटी कृतिका, जोविटा आणि शीला पुढे झाल्या. उगाच वाद कशाला? सत्तेचाळीस किलो म्हणजे तांदळाच्या दोन गोण्यासुद्धा नाहीत. तिघींनी "एक, दोन" म्हणत त्याला छातीपर्यंत घेतलं, "तीन" ला हात सरळ केले, आणि दिपेश वर गेला.

आणि गेला म्हणजे काय, असा गेला की जणू खाली राहणं ही त्याची इतके दिवस झालेली गैरसोय होती. पाय दगडासारखा स्थिर. हात ताणलेले. चेहऱ्यावर ते मैथिलीचं दात दाखवणंसुद्धा नव्हतं. पोरगा खरोखरच हसत होता.

"येशू," नॉर्मन सर पुटपुटले.

आठवड्याभरात त्याचा व्हिडिओ फिरला. दिव्यात त्याच्या बिल्डिंगखालच्या पोरांनी त्याचं नाव "परी" ठेवलं आणि तो दिसला की पंख हलवून दाखवायला लागली. पण तेवढंच झालं नाही. हजारभर लोकांनी बदामही पाठवले. शाब्बास वाघा, रूढी मोडणारा तरुण, वगैरे. एका स्थानिक साप्ताहिकाने तर बातमीच छापली, 'दिपेश गायकरची गगनभरारी'. सोबत मोठा फोटो. कृतिकाने तो दोनदा पाहिला. दिपेश पूर्ण होता, डोक्यापासून बुटांपर्यंत. बुटांच्या खाली फोटो कापलेला. कापताना थोडं राहिलं होतं, म्हणून बुटाभोवती चार बोटं दिसत होती, मोरपंखी नेलपेंट लावलेली.

"ही माझी बोटं आहेत," ती घरी म्हणाली.

तुळसा आत्या ओट्यावर सुकट निवडत बसलेली. तिने फोटो लांब धरून पाहिला. "काय गो, पोऱ्याला पोरी उचलतान?"

"हो."

"आमी मिठागरान घमेली उचलली. घरान पोरा उचलली. हलदीला पिऊन पडलेला नवरा उचलून आनला. तवा कोनी फोटो नाय काढला ते एक सोड. पन आमाला त्याची फी नव्हती गो भरायला लागत!"

कृतिकाला हसू आलं आणि मग ते मध्येच कुठेतरी आंबलं. मैथिली दोन वर्षं वर होती, तिची कोणी बातमी केली नाही. मुलगी वर गेली तर टीम चांगली, मुलगा वर गेला तर गगनभरारी. आणि खाली त्याच तिघी.

दुसऱ्या दिवशी सरावाला तिने दिपेशला वर घेतलं, आणि सरांनी "खाली" म्हटलं तरी सोडलं नाही.

"उतरव ना," तो वरून म्हणाला.

"का? रूढी मोडतोयस ना? मोड अजून थोडी."

"कृतिका, पाय दुखतोय."

"माझे खांदे दुखतायत. दोन वर्षं. पेपरात आलं का?"

जोविटाने घाबरून शीलाकडे पाहिलं. सर "खाली" सांगून चहा घ्यायला गेलेले. अखेर कृतिकाने त्याला उतरवलं, जरा आदळूनच. तो मॅटवर बसला, बुटाची नाडी सोडली आणि खाली बघत म्हणाला, "मी नाही सांगितलं त्यांना फोटो कापायला."

"नाही म्हणून तरी कुठे सांगितलंस?"

त्याने दुसऱ्याही बुटाची नाडी सोडली आणि तो म्हणाला, "पहिल्या दिवशी सरांनी विचारलेलं, कोण काय करणार. मी फ्लायर म्हणायला तोंड उघडलं आणि नयन हसला. मग मी म्हटलं, काहीही चालेल. दोन वर्षं काहीही करत कोपऱ्यात उभा होतो. मैथिली पडली तेव्हा मला आनंद झाला. खरंच झाला. घरी जाऊन मी देवाची माफी मागितली." मग त्याने मान वर केली. "तुला जायचं होतं का वर?"

कृतिकाला हा प्रश्न आजवर कोणी विचारला नव्हता. पहिल्या दिवशी तिचे खांदे बघून सर "बेस" म्हणाले आणि विषय संपला. तिने खरंच विचार केला. रोज वर जायचं? नको. आठ फुटांवर दात दाखवत उभं राहण्यात तिला काडीचा रस नव्हता. पण एकदा, फक्त एकदा, कोणाच्या तरी मनगटात आपल्या वजनाने कळ यावी असं वाटलं खरं.

"एकदाच," ती म्हणाली. "आणि तू खाली पाहिजेस."

सर चहा घेऊन आले तेव्हा तिने त्यांना सांगितलं. शेवटच्या स्टंटला मी वर. खाली दिपेश, जोविटा आणि नयन.

"मी?" नयन ओरडला. "मी मुलाला उचलणार नाही!"

"मी मुलगी आहे, नयन. अडुसष्ट किलो. जिमचं काही उपयोगाला येतंय का ते बघू."

आता नाही म्हणायची सोय राहिली नाही. नयन तिसऱ्या दिवशी मनगटांना पट्ट्या बांधून आला. दिपेश पहिल्यांदा तिच्याखाली उभा राहिला तेव्हा त्याचं तोंड लोहाराच्या भात्यासारखं उघडमीट करत होतं. तिला नुसतं मांडीच्या उंचीवर घेईपर्यंत आठवडा गेला, आणि कमरेच्या वर नेईपर्यंत तीन. मधल्या काळात त्याने तिचा पाय दोनदा सोडला. दोन्ही वेळा तिने त्याला अशा शिव्या दिल्या की सर खिडकीबाहेर बघायला लागले.

स्पर्धेच्या दिवशी ठाण्यात हॉल भरलेला. तुळसा आत्या पहिल्या रांगेत, नऊवारी नेसून, बॅग मांडीवर घेऊन. सगळ्यांची नावं पुकारून झाल्यावर दुसऱ्या एका टीमच्या मॅनेजर बाई उठल्या. त्यांचं म्हणणं, मुलगा फ्लायर असणं शोभत नाही, शिवाय हे अन्यायाचंही आहे.

परीक्षक बाईंनी चष्मा लावून नियमांची वही काढली, पानं उलटली आणि माइकवरून वाचलं, "फ्लायर म्हणजे ज्याचे पाय जमिनीवर नाहीत अशी व्यक्ती." मग चष्म्यावरून बघत विचारलं, "हा वर गेला की याचे पाय जमिनीवर असतात का?" आणि वही मिटली.

पहिला स्टंट झकास झाला. दुसऱ्यात दिपेशला एका पायावर गिरकी घ्यायची होती. गिरकी घेतली, पण जरा जास्तच घेतली. कृतिकाला तळहातात बूट सरकलेला कळला. तिने विचार केला नाही. शीलाला पायाने बाजूला ढकललं आणि दोन्ही हात पसरले. सत्तेचाळीस किलोचा दिपेश तिच्या कवेत आला, आणि येताना त्याचं कोपर तिच्या नाकावर.

कडकन आवाज झाला. तिला तो कानांनी नाही, दातांनी ऐकू आला.

"लागलं?" तो कुजबुजला.

"हस," ती म्हणाली. "समोर बघून हस."

ड्रेस लाल होता हे नशीब. नाहीतर परीक्षकांनी तिथेच थांबवलं असतं. ओठावर खारट चव आली, ती तिने गिळली. गाणं चालूच होतं आणि शेवटचा स्टंट तिचा होता. नयनने डावा पाय घेतला, दिपेशने उजवा, जोविटाने मागून कंबर. एक, दोन, तीन.

कृतिका वर गेली. हॉल एकदम छोटा झाला. खाली दिपेशचे हात थरथरत होते, ते तिला टाचेतून कळत होतं, आणि कुठल्या क्षणी सुटणार तेही कळत होतं. पण तो सोडत नव्हता. आठ मोजून झाले, अजून आठ झाले. पहिल्या रांगेतून आत्या उभी राहून ओरडली, "नीट धरा रं पोऱ्यांनो! आमची हाय ती!"

एकूण पाच टीम होत्या. एक आलीच नाही. यांचा नंबर चौथा.

संध्याकाळी डॉक्टरांनी नाक दाबून बघितलं. हाडाला चीर होती. "कसं झालं?"

"वरून मुलगा पडला," कृतिका म्हणाली.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "कुठल्या मजल्यावरून?"

पुढच्या वर्षी मैथिलीचं मनगट बरं झालं, पण तिला आता खालीच बरं वाटायला लागलं होतं. दिपेश एव्हाना पन्नास किलोवर गेला होता आणि फ्लायरच राहिला. पण आठवड्यातले दोन दिवस तो खाली उभा राहतो, कारण कृतिकाने तसा नियम केलाय आणि सरांना तिच्याशी वाद घालायचा उत्साह नाही. त्याला अजून नीट जमत नाही. मनगट वाकवतो.

"सरळ ठेव," परवाही ती त्याला सांगत होती. नाक जरा डावीकडे कललेलंच राहिलंय, त्यामुळे ती रागावली की जास्त रागावल्यासारखी दिसते. "हाताने नाही उचलायचं. पायाने उचल. गुडघ्यातून. हां, आता दम धर. अजून. मेलास का? मग धर की!"