पहिले तीन गोल

लेकीसाठी लॅक्रॉसचा, म्हणजे जाळीच्या काठीने चेंडू झेलायच्या-फेकायच्या खेळाचा, क्लब निवडायचा म्हणून मी जुलैमध्ये एक तक्ता केला. घरापासूनचं अंतर, एका प्रशिक्षकामागे किती मुली, हिवाळ्यात छताखाली सराव होतो का, हरल्यावर पालक कसे वागतात, असे त्यात अकरा रकाने होते. मी काउंटीच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. तक्ता केल्याशिवाय मला भिंतीचा रंगसुद्धा ठरवता येत नाही, असं माझे सासरे सगळ्यांना सांगतात. ते खरं नाही. रंगाच्या वेळी मी फक्त यादी केली होती.

सासऱ्यांचं नाव वॉल्टर, पण घरात आणि सगळ्या गल्लीत ते पॉप-पॉप. त्यांच्या मते तक्त्याची गरजच नव्हती.

"ब्रास टॅलन," ते म्हणाले. "संपला विषय. तिचा बाप तिथे खेळला, आत्या तिथे खेळली, मी तिथे पस्तीस वर्षं शिट्टी फुंकली. तू काय पाण्यातले जंतू मोजतेयस का?"

"तुमच्या वेळचं आता तिथे कोण आहे, पॉप-पॉप?"

"मुख्य माणूसच आहे की! माझ्या हाताखाली शिकलेला. अजून मला कोच म्हणतो. माझ्यासमोर च्युइंग गम थुंकून टाकतो."

हा रकाना माझ्या तक्त्यात नव्हता.

आमची विनी बारा वर्षांची आहे आणि गोलकीपर आहे. गेल्या ऑक्टोबरमध्ये तिचा जुना संघ एक सामना हरला. शेवटचा गोल विनीच्या दोन पायांमधून गेला. परत येताना व्हॅनमध्ये सात मुली होत्या आणि दोन तासांत तिच्याशी कोणी एक शब्द बोललं नाही. घरी आल्यावर तिने हेल्मेट तळघरात नेऊन ठेवलं. फेब्रुवारीपर्यंत लॅक्रॉसचं नाव काढलं नाही. मग एका रविवारी गॅरेजच्या भिंतीवर चेंडू आपटल्याचा आवाज आला. मी खिडकीपाशी गेले नाही. आपण बघतोय हे कळलं तर ती थांबेल असं वाटलं.

जूनमध्ये ती आपणहून म्हणाली, "आणखी एकदा बघते. परत तसंच झालं तर मी पोहायला जाईन. पाण्यात निदान कोणी बोलत नाही ते कळत तरी नाही."

म्हणजे चुकायला जागा एकच होती, आणि ती आम्ही आधीच वापरली होती.

निवड चाचण्या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात होत्या. पहिली ब्रास टॅलनची. चार मैदानं, दोन तंबू, दोनशे मुली, प्रत्येकीच्या अंगात नंबर छापलेली जाळीची बंडी. विनीचा नंबर एकशे सात. पॉप-पॉप घडीची खुर्ची घेऊन रेषेला चिकटून बसले. विनी गोलात उभी राहिली आणि पहिले तीन फटके सरळ आत गेले. कठीणही नव्हते. तिसरा तर जमिनीवरून रांगत आला.

"एकशे सात!" प्रशिक्षक ओरडला. "झोपायचं असेल तर गादी आणून देऊ का?"

पुढे उभ्या असलेल्या बचावातल्या दोन मुलींनी एकमेकींकडे बघून डोळे फिरवले.

"पोटात गोळा आलाय पोरीच्या," पॉप-पॉप म्हणाले. "केळं दिलं होतंस का?"

"दोन दिली होती."

"मग जास्त झालं."

पण त्यानंतर विनीने जे काही केलं ते बघून ते खुर्चीतून उठले. बावीस फटक्यांपैकी पंधरा तिने अडवले. मी मोजत होते. या वयाला निम्मे अडवले तरी पालक फोनवर नातेवाइकांना कळवतात.

दुसऱ्या दिवशी किंगफिशर. तिथला प्रशिक्षक तरुण होता आणि सतत हसत होता. पहिले तीन फटके पुन्हा आत. प्रत्येक वेळी तो टाळ्या वाजवून म्हणाला, "मस्त! फारच छान!" मुलींचं गोलाकडे लक्षच नव्हतं. त्या आपला नंबर नीट दिसतोय ना, तेवढं बघत होत्या.

"गोल खाल्ला तरी छान, अडवला तरी छान," पॉप-पॉप पुटपुटले. "हा माणूस लग्नात आणि मयताला एकच वाक्य बोलत असणार."

त्यानंतर विनीने पुन्हा भिंत उभी केली. मी वहीत लिहिलं: पहिले तीन, दोन्ही ठिकाणी. कारण बहुधा घाबरणं. रात्री मी तिला चार मोजत श्वास घ्यायचा आणि सहा मोजत सोडायचा, असं शिकवलं. तिने शांतपणे शिकून घेतलं. आता आठवतं तर तिचा चेहरा जरा जास्तच शांत होता.

तिसरा क्लब मार्श रेन. अग्निशमन केंद्राच्या मागचं एकच मैदान, एका बाजूला उतार. प्रशिक्षिका इमेल्डा रस्क, गुरांची डॉक्टर. कामावरून थेट आलेली, रबरी बूट अजून पायात. मी या वेळी मुद्दाम गोलाच्या मागे, कुंपणापलीकडे उभी राहिले. पहिला फटका आत. दुसरा आत. तिसरा सावकाश, विनीच्या डाव्या गुडघ्याच्या दिशेने आला. तिचा गुडघा चेंडूकडे निघाला आणि वाटेत थांबला. तिने तो मागे घेतला.

घाबरलेला माणूस असं करत नाही.

इमेल्डाबाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. पण बचावातली एक उंच, हडकुळी मुलगी धावत मागे आली. तिने विनीच्या हेल्मेटवर टपली मारली. "माझी चूक! मी तिला आत येऊच दिलं. सॉरी हं. पुढची मी अडवते, बघच तू." तिन्ही वेळा ती आली होती. तिन्ही वेळा हेच म्हणाली होती.

घरी जाताना आम्ही बर्फाच्या गोळ्याच्या टपरीवर थांबलो. पॉप-पॉप रांगेत उभे राहिले. मी गाडीतच विनीला विचारलं.

"तू मुद्दाम सोडलेस."

तिने बुटाची नाडी सोडली, परत बांधली. "तीनच. प्रत्येक ठिकाणी तीनच. कमीजास्त केले असते तर तुलना कशी केली असती?"

"पण का?"

"आई, चांगल्या गोलकीपरशी सगळेच चांगलं वागतात. ते बघून काय कळणार? मला त्याच्या आधीचं बघायचं होतं." मग म्हणाली, "तुझ्या तक्त्यात 'हरल्यावर पालक कसे वागतात' आहे. मुली कशा वागतात ते नव्हतं."

मला खरं सांगायचं तर इतका अभिमान वाटला की रागवायचं राहूनच गेलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं सारखं ठेवायचं, हे मीच तिला स्वयंपाकघरात पाव फुगवताना शिकवलं होतं.

"मग? निष्कर्ष?"

"मार्श रेन," ती म्हणाली. "ती पिप नावाची मुलगी आहे ना, टपली मारणारी, ती."

खिडकीतून पॉप-पॉपनी तिच्या हातात गोळा दिला. वर मार्शमॅलोचा डोंगर. "काय कुजबुज चाललीय? टॅलनच ना?"

मंगळवारी संध्याकाळपर्यंत तिन्ही ठिकाणची पत्रं आली. टॅलनने तिला पहिल्या संघात, पहिली गोलकीपर म्हणून घेतलं होतं. उद्या, म्हणजे बुधवारी, संध्याकाळी आठपर्यंत कळवा. किंगफिशरनेही घेतलं होतं, पत्रात सात उद्गारचिन्हं. मार्श रेनचं पत्र दोन ओळींचं होतं. यंदा गोलकीपरची जागा दुसऱ्या मुलीला दिली आहे, चाचणीला आल्याबद्दल आभार.

विनीने ते दोनदा वाचलं. "तीन गोलांमुळे," ती म्हणाली.

"तीन गोलांमुळेच," मी म्हटलं. खोटं बोलून उपयोग नव्हता.

त्या रात्री मी पॉप-पॉपना सगळं सांगितलं. ते आधी पाच मिनिटं हसले. मग गंभीर झाले. "चला, प्रश्न सुटला. उद्या टॅलनला हो म्हणून टाक. पोरीने स्वतःच्याच पायात पाय घातला, त्याला आपण काय करणार?"

"ती टॅलनमध्ये गेली तर डिसेंबरपर्यंत हेल्मेट परत तळघरात असेल."

"हे तुला तुझ्या तक्त्याने सांगितलं?"

"नाही. तिच्या."

यादी लागल्यावर प्रशिक्षकाला गाठणाऱ्या पालकांची आमच्याकडे एक खास जात आहे. सगळे त्यांना हसतात आणि सगळ्यांना त्यांची भीती वाटते. मी त्यातली होणार नाही, असं मी ठरवलेलं होतं. पण बुधवारी संध्याकाळी विनीच म्हणाली, "मी बोलते. तू फक्त गाडी चालव." पॉप-पॉप न विचारता मागच्या सीटवर येऊन बसले. म्हणाले, "साक्षीदार लागतो."

मैदानावर सराव नव्हता. इमेल्डाबाई आणि ती हडकुळी पिप, दोघी मिळून गोलाची फाटलेली जाळी नव्या दोरीने लोखंडी चौकटीला बांधत होत्या. विनी सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. आम्ही दोघं दहा पावलं मागे.

"कोच, मी शनिवारी पहिले तीन गोल मुद्दाम सोडले. तिन्ही क्लबांत सोडले. गोल खाल्ल्यावर तुम्ही सगळे कसे वागता ते बघायचं होतं."

इमेल्डाबाईंनी दोरीची गाठ पुरी केली. "म्हणजे चाचणी मी घेत नव्हते. तू घेत होतीस."

"दोघीही."

"हं. गाय लंगडत असली तर मी 'लंगडतेय' असंच लिहिते. ती नाटक करतेय का, हे मला आजवर विचारावं लागलं नव्हतं." बाई चिडल्या आहेत की नाहीत ते मला कळेना. "मला फसवलंस ते सोड. माझं कामच आहे ते. पण फक्त मलाच फसवलंस का?"

विनीने वळून पाहिलं. पिप दोरी हातात धरून उभी होती आणि तिचा चेहरा लाल झाला होता.

"म्हणजे ते माझ्यामुळे गेले नव्हते?" पिप म्हणाली. "मला वाटलं, माझ्यामुळे तुला घेतलं नाही! मी कोचना फोन करून सांगितलं, चूक माझी होती, तिला परत बघा. शनिवारपासून रोज तासभर भिंतीशी पाय सरकवतेय मी! माझा भाऊ मला खेकडा म्हणतोय!"

विनीचं तोंड उघडंच राहिलं. हे तिने हिशेबात धरलंच नव्हतं. आणि मीही धरलं नव्हतं. वीस वर्षं मी नमुने तपासते आहे, पण पाण्याला काही वाटत नाही. शनिवारी गाडीत अभिमानाने फुगले होते, तेव्हा हा साधा प्रश्न मला सुचायला हवा होता.

"मी त्याचा विचारच केला नाही," विनी म्हणाली. आवाज अगदी बारीक. "मी फक्त तू काय करतेस ते बघत होते. तुला काय वाटेल ते नाही. सॉरी. एकदम वाईट केलं मी."

"वाईटच केलंस!"

"हो."

"मूर्ख आहेस."

"हो."

"आणि नंतर तो वरच्या कोपऱ्यातला कसा अडवलास? तोही मुद्दाम?"

"नाही, तो खराखुरा. मला पण माहीत नाही कसा अडवला."

पिपने नाक ओढलं. इमेल्डाबाई म्हणाल्या, "जागा मी दिलेली आहे, ती परत घेणार नाही. त्या मुलीने काही सोडलं नव्हतं. दुसरी गोलकीपर म्हणून घेऊ शकते. सगळे सराव करायचे, सामन्यात मात्र बाहेर बसायचं. कधी दहा मिनिटं मिळतील, कधी तीही नाही. बाकीच्यांनी तुला काय दिलंय?"

"टॅलनने पहिली जागा," विनी म्हणाली.

"मग नीट विचार कर. आणि मला नको विचारूस, हिला विचार. तुझ्यापुढे उभं हिला राहायचंय."

विनी पिपसमोर उभी राहिली. "चालेल तुला?"

"परत असलं काही करणार असशील तर आधी मला सांगायचं," पिप म्हणाली. "म्हणजे मी निदान बघत तरी बसेन."

"नाही करणार."

"आणि माझी चूक असली की मोठ्याने सांगायचं. उगाच छान-छान नको."

"ते जमेल."

"आणि हे धर." पिपने तिच्या हातात दोरीचं टोक दिलं. "तिकडून ओवत ये. घट्ट ओढ, नाहीतर इथून चेंडू निसटतो. अगं, घट्ट!"

आठला पंचवीस मिनिटं होती. मी गाडीच्या बॉनेटला टेकून फोन काढला. किंगफिशरला दोन ओळी लिहिल्या, उद्गारचिन्ह न घालता. टॅलनचं पत्र उघडलं तर पॉप-पॉपनी हात पुढे केला.

"तो इकडे दे."

"पॉप-पॉप, ठरलंय आता."

"माहितीय. आंधळा नाही मी." ते गोलाकडे बघत होते. तिथे पिप ओरडत होती आणि विनी हसत होती. ते हसणं मी ऑक्टोबरनंतर पहिल्यांदा ऐकत होते. "पण त्याला लिहून काय सांगतेस? नंबर लाव. पस्तीस वर्षांत मी त्या पोराला नाही म्हटलेलं नाही. कसं वाटतं ते बघू तरी दे."

मी नंबर लावून फोन त्यांना दिला. पलीकडून उचलल्याबरोबर त्यांनी घसा साफ केला. "हां, मी बोलतोय. आधी तोंडातलं थुंक."