चादरीचं दुसरं टोक

मुलांनो, एक मोठी चादर डोळ्यांसमोर आणा. नुकती वाळलेली, अजून कोमट. आता तिची एकट्यानं घडी घालून बघा. एक टोक धरलं की दुसरं जमिनीवर लोळतं ना?

इस्पितळाच्या धुलाईखोलीत एक आत्या हीच घडी घालत होती. पलीकडची दोन टोकं तिनं लोखंडी कपाटाच्या दारात अडकवली होती.

शाळेला सुट्टी म्हणून आठ वर्षांची भाची सोबत आली होती. "आत्या, दारात का गं?"

"थोरल्या बाई नाहीत."

थोरल्या बाई दुसरं टोक धरायच्या. एकोणीस वर्षं. दोघी पुढे यायच्या, टोकाला टोक लावायच्या, मागे सरायच्या. झोल पडला की आत्याच्या कपाळाला आठ्या! मग थोरल्या बाई म्हणायच्या, "आल्या तपासनीसबाई!" दोन महिन्यांपूर्वी त्या वारल्या. आत्याजवळ कुणी दोन मिनिटं बसलंही नाही. तिला डाउन सिंड्रोम आहे, आणि अशी माणसं सदा आनंदी असतात, हे सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलेलं. खरं तर आत्याला गाणी आवडत नाहीत, कुणी गालाला हात लावलेला खपत नाही.

तेवढ्यात सुपरवायझर बाई आल्या. घडीचा कोपरा उलगडून म्हणाल्या, "पुन्हा दाराचा गंज! उद्यापासून तू टॉवेल घे हं, बाळा. बसल्या जागी, मजेत."

"मी बाळ नाही. बेचाळीस वर्षांची आहे. चादरी माझ्या."

"अगं, रुसतेस काय? हस बघू!" म्हणत त्या निघूनही गेल्या.

आत्या हसली नाही. डागाची चादर तिनं पुन्हा धुवायला टाकली, दुसरी उचलली आणि कपाटाकडे वळली.

भाचीनं मध्ये येऊन दोन टोकं हातात घेतली.

आत्या मागे सरली. "वर धर. झोल पडतोय."

भाचीनं टाचा उंचावल्या. चादर तरी फरशीला टेकलीच.

"अजून वर."

"पुरत नाही गं!"

"सोमवारी तुझी शाळा," आत्या म्हणाली.

भाचीनं टोकं दातांत धरली, कोपऱ्यातलं स्टूल ओढत आणलं, चपला काढल्या आणि वर चढून हात उंच केले.