स्पोर्ट मोडचं बटन

दुष्काळानं सहकारी कारखान्याचं धुराडं थंड पडलं, तरी चेअरमन बबनरावांच्या दारात लाल स्पोर्ट्स कार आली. तीही वरच्या पॅकेजची. स्पोर्ट मोडचं बटन दाबलं की गाडी खाली बसायची आणि बाणासारखी सुटायची. लिंबागणेशचा रस्ता धरला तसा ड्रायव्हर निवृत्तीनं वेग कमी केला. पुढं त्याच्याच वस्तीनं पाण्याची नळी रस्त्यावर आडवी टाकून वर माती लोटली होती.

"दाब की बे बटन! बैलगाडी हाकतो का?" शेजारून बबनराव ओरडले.

"साहेब, म्होरं नळी हाय. गाडी खाली बसली तर नळी फाटंल. आख्खी वस्ती तिच्यावर पितीय."

"मग पॅकेज काय शोभेला घेतलंय?"

"या रस्त्याला शोभेलाच हाय, साहेब."

बबनरावांनी स्वतःच बटन दाबलं. गाडी खाली बसली. मातीचा उंचवटा दिसताच निवृत्तीनं कचकन ब्रेक मारला, खाली उतरला आणि नळीवर उभा राहिला.

"आता चालवा तुमीच."

घागरी घेतलेल्या वस्तीतल्या बाया त्याच्यामागं येऊन थांबल्या. बबनरावांनी त्यांच्याकडं बघितलं आणि पुन्हा बटन दाबलं. मग गाडी हळूच वर उचलली गेली. तरी निवृत्तीचे पाय नळीवरून हलेनात.